आगीची रेघ

शिंपल्याच्या पातळ चकतीवर लेसरचा किरण फिरू लागला की आधी कळतं ते नाकाला. केस जळल्यासारखा वास येतो. थोड्या वेळाने डोळ्यांना दिसतं की किरण गेला तिथे रेघ काळी न पडता पांढरी पडली आहे. तिच्यावरून बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागतं. हाताने गिटार घडवणारा आणि तिच्या मानेवर मोतीशिंपल्याची वेल जडवणारा कारागीर या दोन खुणांवरून ओळखतो की किरण जरा जास्त तापला.

वास येतो तो प्रथिनाचा. शिंपल्याचा चमकणारा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या इवल्या फरश्यांची रचना. एकेक फरशी साधारण अर्धा मायक्रॉन जाडीची, आणि दोन फरश्यांच्या मधे प्रथिनाचा अगदी पातळ गिलावा. या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला ती गुलाबी-हिरवी झाक दिसते. किरणाच्या उष्णतेने प्रथिन जळतं, म्हणून केस जळल्याचा वास. फरश्या आठशे अंशांच्या पलीकडे तापल्या की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे चुना उरतो. कोकणात आणि गोव्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या शिंपले भट्टीत भाजून चुना करत आले. घरं त्या चुन्याने बांधली, भिंती त्यानेच रंगवल्या. गिटारच्या कारखान्यातल्या यंत्राखाली जे घडतं ते तेच आहे, फक्त भट्टी केसाएवढी रुंद आहे.

लेसरकडे आपण फार बारीक पात्याची सुरी म्हणून पाहतो. चित्र संगणकावर काढायचं, बटण दाबायचं, सुरीने कापावं तसं कापून घ्यायचं. जडावकामात या समजुतीने माणूस फसतो. सुरी पदार्थ बाजूला सारते, करवत त्याचा भुसा करते, लेसर मात्र जाळतो. पुढे या कामात जे जमतं आणि जे बिघडतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

ही आग कुठून आली त्याची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. पहिला लेसर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पेटवला. पण लाकूड, चामडं, अ‍ॅक्रिलिक आणि शिंपला कोरणारी जी यंत्रं आज गल्लोगल्ली साइनबोर्डच्या दुकानांत दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कार्बन डायऑक्साइडची नळी असते. तो लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली ते अभियंता झाले आणि मग स्टॅनफर्डला गेले. बेल प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर तीन वर्षांच्या आत त्यांनी हा शोध लावला. माणकाच्या लेसरने जगाला थक्क केलं खरं, पण वर्कशॉपच्या बाकावर कामाला बसला तो पटेलांचा लेसर.

त्याची करामत अशी. नळीत नायट्रोजन, हेलियम आणि कार्बन डायऑक्साइड यांचं मिश्रण असतं. विजेच्या झोताने नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात आणि आपली ऊर्जा धक्क्यासरशी कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. ते रेणू ती ऊर्जा अवरक्त किरण म्हणून बाहेर टाकतात. या किरणाची तरंगलांबी असते १०.६ मायक्रॉन. डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या ती सुमारे सोळापट भरते, म्हणून हा किरण आपल्याला दिसत नाही. लाकूड आणि शिंपला मात्र त्याला अधाशासारखे पितात आणि तापतात. पितळ, तांबं, चांदी त्याला आरशासारखं परतवून लावतात. म्हणूनच गिटारवर चांदीची किंवा पितळेची तार जडवायची असेल तर हे यंत्र उपयोगाचं नाही. धातूसाठी एक मायक्रॉनच्या आसपासचा फायबर लेसर लागतो. आणि एक गंमत अशी, की कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंनी जन्माला घातलेला हा किरण शिंपल्यावर पडला की शिंपल्यातूनही कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो.

आता गिटारकडे वळू. तंतुवाद्य सजवण्याची हौस जुनी आहे. हॅम्बुर्गचा योआखिम टिल्के (१६४१ ते १७१९) आपल्या गिटारांवर आणि व्हायोलांवर हस्तिदंत, कासवाची पाठ आणि आबनूस यांची पच्चीकारी करत असे. त्या काळात दोन रंगांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून एकाच वेळी करवतीने कापत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं फूल आणि पांढऱ्यावर काळं, अशी जोडी एकाच कष्टात तयार होई. अमेरिकेत मार्टिन कंपनीने १९०४ साली आपल्या ४५ क्रमांकाच्या शैलीत गिटारच्या कडांना अ‍ॅबलोनी शिंपल्याची झगमगती किनार दिली. १९३३ साली जीन ऑट्री या गायक अभिनेत्यासाठी मार्टिनने पहिली डी-४५ बनवली, तेव्हा तिच्या फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवर जिथे बोटांनी तारा दाबतात त्या फळीवर, त्याचं नावच शिंपल्याच्या अक्षरांत जडवलं होतं.

वाद्यावर जडाव कुठेही करता येत नाही, हे इथे सांगायला हवं. गिटारचा वरचा तक्ता, म्हणजे जो थरथरतो आणि आवाज देतो तो, स्प्रूस लाकडाचा आणि जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर मनाला येईल तसे शिंपले चिकटवले तर त्याचं वजन वाढतं आणि आवाज दबतो. म्हणून सजावटीच्या जागा ठरून गेल्या आहेत: मधल्या भोकाभोवतीचं कडं, म्हणजे रोझेट; कडेची किनार; फिंगरबोर्ड; आणि खुंट्यांचा माथा. रोझेट आणि किनार नुसत्या शोभेच्या नाहीत. भोकाच्या आणि तक्त्याच्या उघड्या कडा चिरू नयेत म्हणून त्या आधारही देतात.

हाताने जडाव करायचा म्हणजे असं: कागदावर काढलेलं पान शिंपल्यावर चिकटवायचं आणि सोनाराच्या करवतीने कापायचं. पातं इतकं बारीक की जरा तिरकं गेलं की तुटतं. मग कापलेलं पान फिंगरबोर्डवर ठेवून टोकदार सुईने त्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेत खडूची पूड चोळायची. छोट्या फिरत्या यंत्राने रेघेच्या आत कोंदण खोदायचं. कोंदण हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सोनार खड्यासाठी जे करतो तेच हे. खड्याला कोंदण घट्ट बसलं की दागिना साधला, तसं शिंपल्याभोवती फट दिसली नाही की जडाव साधला. राहिलेली फट आबनुसाच्या भुशात एपॉक्सी कालवून भरतात, कारण काळ्या लाकडात काळी फट लपते.

या कामात लेसर कुठे जिंकतो ते कोपऱ्यांत कळतं. फिरतं पातं गोल असतं. ०.८ मिलिमीटरचं पातं घेतलं तरी ते ज्या आतल्या कोपऱ्यात जाईल तिथे ०.४ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडणारच. पानाचं निमुळतं टोक, पक्ष्याची चोच, देवनागरी अक्षराच्या वेलांटीची शेपटी, हे सगळं मग पातळ पटाशीने हाताने टोकदार करावं लागतं. लेसरचा ठिपका ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा असतो. तो त्या टोकात जवळजवळ शेवटपर्यंत शिरतो. शिवाय त्याला लाकूड दाबून धरावं लागत नाही. पाव मिलिमीटर रुंदीचं देठ करवतीखाली मोडतं, किरणाखाली नुसतं पडून राहतं.

पण इथेच पहिली चूक होते. नवशिका एकच चित्र घेतो, त्याने शिंपल्याचं पान कापतो आणि त्याच चित्राने लाकडात कोंदण करतो. पान कोंदणात खुळखुळतं. कारण आग आपल्या वाटेतलं खाऊन टाकते. किरणाने ०.१५ मिलिमीटर रुंदीची वाट जाळली असं धरा. रेघेच्या दोन्ही अंगांनी ०.०७५ जातं. पान प्रत्येक बाजूने तेवढं लहान होतं, कोंदण प्रत्येक बाजूने तेवढं मोठं होतं, आणि चारी बाजूंनी ०.१५ मिलिमीटरची फट उरते. दोन केसांएवढी! ऐकायला क्षुल्लक वाटते, पण चकचकीत शिंपल्याभोवती ती डोळ्यात खुपते. म्हणून पानाची रेघ बाहेर आणि कोंदणाची रेघ आत सरकवून घ्यायची. किती सरकवायची ते यंत्रावर, भिंगावर, पदार्थावर आणि त्या दिवशीच्या वेगावर ठरतं. त्यामुळे चांगला कारागीर त्याच पदार्थाच्या तुकड्यावर आधी एक चौकोन कापतो, मोजतो आणि मगच खरं काम हाती घेतो.

आगीची वाट सरळ खालीही जात नाही. किरण भिंगातून येतो, म्हणून कापाची भिंत किंचित तिरकी होते: वर रुंद, खाली अरुंद. हा दोष कामाला लावण्याची एक सुंदर युक्ती आहे. पान आरशातल्यासारखं उलटं कापायचं आणि मग पालथं करून कोंदणात बसवायचं. पालथं केल्यावर त्याची रुंद बाजू वर येते. कोंदणही वर रुंद आणि खाली अरुंद असतं. दोन तिरप्या भिंती एकमेकींना भिडतात आणि पान पाचरीसारखं घट्ट बसतं. वर दिसणारी फट जवळजवळ नाहीशी होते. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं. शिंपल्याच्या दोन बाजूंची झाक सारखी नसते, तेव्हा पालथं केल्यावर कोणती बाजू वर येणार ते आधी पाहायचं.

लाकडाला आग कशी लागते हे तर चूल पेटवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मऊ लाकूड भसाभस जळतं, टणक लाकूड धुमसत राहतं. स्प्रूसच्या एकाच फळीत दोन्ही असतात. वसंतात वाढलेला पट्टा मऊ आणि फिका, उन्हाळ्याच्या शेवटी वाढलेला टणक आणि गडद. अशा तक्त्यावर लेसरने दीड मिलिमीटर खोल खाच करायला गेलं तर मऊ पट्टे खोल खणले जातात, टणक पट्टे वर राहतात आणि खाचेचा तळ नांगरलेल्या शेतासारखा होतो. त्यात रोझेट सपाट बसत नाही. तीन मिलिमीटरच्या तक्त्यात चुकायला जागाही नाही. माझं मत स्पष्ट आहे. रोझेटचे तुकडे लेसरने हवे तितके नाजूक कापावेत. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरचे पातळ लाकडी पापुद्रे उत्तम. पण तक्त्यातली गोल खाच पात्यानेच पाडावी. आगीला खोली मोजता येत नाही. तिला फक्त किती वेळ कुठे थांबायचं ते सांगता येतं.

आबनूस याच्या उलट. ते इतकं दाट आणि एकजीव असतं की कोंदणाचा तळ बराच सपाट येतो, आणि जळलेली कड काळ्यात काळी मिसळून जाते. (आपल्याकडची टेंभुर्णी, जिच्या पानांत विडी वळतात, ती आबनुसाच्याच कुळातली.) फिकट मेपलवर मात्र हीच कड तपकिरी चौकट होऊन दिसते. शिसवीचं तिसरंच. सह्याद्रीतलं हे लाकूड जगभरच्या गिटारांच्या पाठीला लागतं. ब्राझिलच्या शिसवीचे ओंडके मिळेनासे झाल्यावर मार्टिन कंपनी १९६९ साली भारतीय शिसवीकडे वळली. शिसव तेलकट असते. किरणाखाली तिचं तेल उकळून कडेला चिकट काजळी धरते, आणि काजळीवर गोंद धरत नाही. कोंदण पुसून, कोरड्या कडक ब्रशने खरवडून, स्पिरिटने स्वच्छ केल्याशिवाय त्यात काही चिकटवलं तर ते दोन वर्षांनी उचकटतं. ही पाच मिनिटं वाचवण्यासारखी नाहीत.

शिंपल्याला दम धरून वागवावं लागतं. जोराचा किरण एकदाच फिरवला तर फरश्यांमधलं प्रथिन एकदम वाफ होऊन थर सुटे होतात, कधी चकती तडकते. म्हणून कमी ताकदीने तीच वाट चारपाच वेळा फिरायची, मधे थंड होऊ द्यायची. वर चिकटपट्टीचा कागद लावला तर धुराचा डाग कागदावर बसतो. शिंपल्याची धूळही जपून हाताळायची. ती फुप्फुसात गेली की त्रास देते, तेव्हा तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क आणि धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवाच. आणि शिंपला आणायचा कुठून, हाही प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा पांढरा अ‍ॅबलोनी इतका उपसला गेला की २००१ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत तो आला. त्या यादीतला तो पहिला सागरी अपृष्ठवंशी प्राणी. शिंपल्याचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून केलेले पत्रे आता मिळतात. त्यात छोट्या तुकड्यांचाही उपयोग होतो, आणि सपाट पत्रा लेसरखाली ठेवायला सोपा जातो.

पण सगळ्यांत जास्त चुका होतात त्या क्रमाच्या. फिंगरबोर्ड दिसायला सपाट, खरा मात्र घुमटासारखा किंचित फुगीर असतो. मार्टिनच्या गिटारांवर ही गोलाई सोळा इंच त्रिज्येची, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरची. मानेच्या वरच्या टोकाला फिंगरबोर्ड ४३ मिलिमीटर रुंद असला तर त्याच्या कडा मधल्या रेषेपेक्षा साधारण ०.५७ मिलिमीटर खाली येतात. आता जडाव करणं सोयीचं कधी? फळी सपाट असताना. गोलाई द्यायची कधी? जडाव झाल्यावर, रंध्याने आणि काचकागदाने. म्हणजे कडेजवळच्या शिंपल्याच्या दीड मिलिमीटर जाडीतून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त घासून जाणार. शिंपल्यावर पानाच्या शिरा, पक्ष्याची पिसं अशी ०.१ मिलिमीटर खोलीची रेखाटणं लेसरने आधीच केली असतील तर ती या घासण्यात पुसली जातात. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत भुकटी होतं.

म्हणून आकार आधी, रेखाटन शेवटी. गोलाई दिल्यावर, फ्रेट म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकण्याआधी, फिंगरबोर्ड पुन्हा यंत्राखाली ठेवायचा. साध्या भिंगाचा किरण दोन-एक मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात नीट एकवटलेला राहतो, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरची चढउतार त्याला चालते. अडचण येते ती चित्र जडवलेल्या पानावर अचूक बसवण्याची. त्यासाठी फळीच्या दोन टोकांना, जिथे पुढे काही दिसणार नाही तिथे, दोन बारीक भोकं खुणेसाठी आधीच पाडून ठेवतात. रेघ किती खोल असावी याचा विचारही पुढच्या वीस वर्षांचा करावा. गिटारचे फ्रेट झिजतात, बदलावे लागतात, आणि बदलताना फळी पुन्हा थोडी घासली जाते. पापुद्र्याएवढी उथळ रेघ पहिल्या दुरुस्तीतच जाते.

शिंपला महाग म्हणून बरेच जण मोत्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिककडे वळतात. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. जुन्या गिटारांवरचे बरेच मोतीया पत्रे सेल्युलॉइडचे असतात. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जळायला हवेची वाट पाहत नाही, प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. किरण पडताच ते भडका घेतं. पीव्हीसी पेटत नाही, पण हायड्रोजन क्लोराइड सोडतं. तो वायू माणसाच्या फुप्फुसाला आणि यंत्राच्या लोखंडाला सारखाच खातो. पत्रा कशाचा आहे हे माहीत नसेल तर तांब्याची तार तापवून त्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. पण ही परीक्षा सेल्युलॉइडचा संशय असेल तिथे करूच नये. ज्या पत्र्याचं नाव सांगता येत नाही, तो यंत्रात न घातलेला बरा.

हे मी मिरजेच्या संदर्भात विशेष आठवणीने सांगतो. तिथल्या सतारी आणि तंबोरे वेलबुट्टीने सजवण्याची मोठी परंपरा आहे. एके काळी त्यावर हस्तिदंत असे. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ साली देशात बंदी आली. त्याच्या जागी पांढरे प्लास्टिकचे आणि सेल्युलॉइडचे पत्रे आले. त्यावर बारीक नक्षी कोरून रंग भरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नक्षीसाठी उद्या कुणी लेसर आणेल, आणला तर वाईट नाही. पण दुकानात पडलेल्या जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या त्या यंत्रात जाता कामा नयेत.

राहिला प्रश्न रेघेच्या जिवाचा. टोरांटोचे विल्यम ‘ग्रिट’ लास्किन हे गिटारकार फिंगरबोर्डवर माणसांची चित्रं जडवतात आणि त्यांतल्या बारीक रेघा हाताने कोरून त्यात शाई भरतात. हाताची कोरणी दाबली की रेघ जाड होते, उचलली की बारीक होत जाऊन संपते. गालाची गोलाई, पापणीची सावली या फुगण्यातून आणि निमुळतं होण्यातूनच उमटते. लेसरला ताकद कमीजास्त करायला सांगता येतं, पण शिंपल्यात ताकद वाढली की रेघ खोल होण्याबरोबर तिच्या कडेची चमकही मरते. म्हणून भौमितिक नक्षी, अक्षरं, पुन्हा पुन्हा येणारी पानं यांसाठी मी लेसर निवडेन. चेहरा असेल तर कोरणी.

रेघा कोरून झाल्या की मऊ ब्रशने त्यांतलं पांढरं पीठ झाडून काढायचं. नाहीतर रंग पिठावर बसतो आणि पिठाबरोबर गळून जातो. मग काळी शाई किंवा काळं एपॉक्सी रेघांत दाबायचं, वाळलं की बारीक काचकागदाने वरचं पुसून काढायचं, फळीला तेलाचा हात द्यायचा. आणि मग गिटारची मान खिडकीपाशी नेऊन उजेडात हळूहळू कलती करायची. झाक रेघेच्या अगदी काठापर्यंत धावत आली, तर किरण बेताचा होता. रेघेला लागून मेलेली पांढरट कड दिसली, तर तिथे थोडा चुना झाला आहे, आणि ती कड त्या गिटारवर कायमची राहणार आहे.